ऋतू बदलतो, वेळापत्रक बदलत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ४२, पुणे. दर १ जानेवारीला व्यायामशाळेत नाव घालतो आणि एप्रिलअखेर सोडतो. मनाचा कच्चा आहे का?

मनाचा नाही, मुहूर्ताचा घोळ आहे. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत वर्षाचे दोन भाग आहेत. शिशिर, वसंत, ग्रीष्म हा आदानकाळ. यात अंगातलं बळ उतरत जातं. वर्षा, शरद, हेमंत हा विसर्गकाळ. यात ते पुन्हा चढतं. सर्वांत जास्त बळ हेमंत-शिशिरात, सर्वांत कमी ग्रीष्म-वर्षात. तुम्ही जानेवारीत सुरुवात करता, म्हणजे माथ्यावर उभं राहून उतार धरता.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरात सुरू करा. फेब्रुवारीपर्यंत चार महिने भूकही चांगली असते आणि झोपही. उचलायचं वजन वाढवायचं ते तेव्हाच. एप्रिल उजाडला की उचलायचं वजन तेवढंच ठेवा, सेट (एका व्यायामाच्या फेऱ्या) मात्र ४ चे २ करा आणि आठवड्याचे ५ दिवस ३ वर आणा. कमावलेली ताकद टिकवायला कमावण्याच्या मानानं बरंच कमी काम पुरतं, पण वजन हलकं केलं की ती लवकर ओसरते. बहुतेक जण नेमकं उलटं करतात : मे महिन्यात पूर्ण बंद, जूनमध्ये एकदम जुन्या वजनावर. मग खांदा नाहीतर कंबर धरते.

थांबायचं कधी? ग्रंथांनी ‘अर्धशक्ती’ची खूण दिली आहे : कपाळ, नाक आणि काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली की पुरे. थंडीत आणि वसंतात इथपर्यंत जायचं, बाकीच्या ऋतूंत त्याच्याही अलीकडे थांबायचं.

प्रश्न : अमरावती. काम दुचाकीवरून फिरतीचं. मे महिन्यात दिवसाला पाच लिटर पाणी पितो, तरी दुपारी तीननंतर हातपाय गळतात, पोटऱ्यांत गोळे येतात.

पाणी पुरेसं आहे, मीठ नाही. घामातून दोन्ही जातं. तुम्ही फक्त पाणी भरून काढता, त्यामुळे रक्तातलं मीठ पातळ होत जातं. डोकं जड होणं, मळमळ, गोळे येणं ही त्याचीच लक्षणं. फिरतीच्या दिवशी सोबत १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून न्या. चमचा चहाचा आणि सपाटच. शीग लावून मोजलेलं मीठ अपाय करतं. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि नव्यानं करा. घरी असाल त्या दिवशी मीठ-जिरं घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं पुरतं. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट मार्चमध्ये करायची आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात : घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रवाचा भाग वाढतो. ऋतुचर्येत यालाच जुळणारा नियम आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे ७ आणि येणाऱ्याचे पहिले ७ दिवस म्हणजे ऋतुसंधी. या चौदा दिवसांत जुनी सवय हळूहळू सोडायची, नवी हळूहळू धरायची. तेव्हा मार्चच्या मध्यावर सकाळच्या उन्हात १५ मिनिटांपासून सुरुवात करून पंधरवड्यात तासभरापर्यंत या. दिवसभर एसीत बसून एकदम बारा वाजता बाहेर पडणाऱ्याला ही सवय होतच नाही.

आता रात्र. दुपारचा निम्मा थकवा रात्रीच्या अर्धवट झोपेतून येतो, कारण शरीर थोडं निवल्याशिवाय गाढ झोप लागत नाही. झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा. कूलर लावता त्या खोलीची समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो आणि घाम वाळत नाही. दुपारी २०-२५ मिनिटांची डुलकी बिनदिक्कत घ्या. दिवसा झोपायला ग्रंथांची मुभा आहे ती याच ऋतूत.

बरोबरचा कुणी उन्हात असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलेलं असेल, तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच रुग्णालय गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : चिपळूण. जुलैत दिवसभर पेंगुळल्यासारखं होतं. जेवल्यावर तर डोळे उघडत नाहीत. श्रावणात उपास, तरी अंग जडच.

पावसाळ्यात भूक मंदावते आणि आपण जेवतो मात्र तेवढंच. दुपारचा भात निम्मा करून त्या जागी मुगाचं वरण किंवा कुळथाचं पिठलं वाढवा. तांदूळ जुना घ्या, ताकात चिमूटभर सुंठ टाका. उपासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा. दोन तासांत पेंग येणारच. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि राजगिऱ्याची भाकरी घ्या. (उपास हलकेपणासाठी असतो, ही गोष्ट आपल्या उपासाच्या ताटाकडे पाहून पटणं अवघड आहे.)

दुसरं कारण उजेड. ढगाळ आभाळाखालीही घरातल्या दिव्याच्या कित्येक पट उजेड असतो, पण आपण खिडक्या लावून आत बसतो. उठल्यावर अर्धा तास पडवीत काढा, चहा तिथेच घ्या. चार वाजल्यानंतरचा चहा सोडा, तो रात्रीची झोप पळवतो. दुपारी झोपू नका. अगदीच अनावर झालं तर खुर्चीत बसून १५ मिनिटं.

प्रश्न : मँचेस्टरला येऊन दोन वर्षं झाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काहीच करावंसं वाटत नाही. हेमंतात बळ जास्त असतं ना?

ते आपल्याकडच्या हेमंतात. मुंबईत डिसेंबरचा दिवसही ११ तासांचा असतो, तुमच्याकडे साडेसात. तिथे थंडीपेक्षा अंधार थकवतो. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे जातात, तोच तुमचा ऋतुसंधी समजा आणि दुपारच्या सुट्टीत बाहेर चालणं तेव्हापासून सुरू करा. १०,००० लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप) दिवा मिळतो. उठल्यावर तासाभरात २० ते ३० मिनिटं, सोबतच्या कागदावर दिलेल्या अंतरावर, बाजूला ठेवून न्याहारी करा. थेट त्याच्याकडे पाहू नका आणि संध्याकाळी लावू नका, झोप पुढे सरकते. डोळ्यांचा आजार किंवा मनोवस्थेच्या टोकाच्या चढउतारांचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. या दिव्यातून ड जीवनसत्त्व मात्र मिळत नाही. त्यासाठी तिथला सरकारी सल्ला शरद-हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमचा आहे. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, जेवण-झोप बिघडली तर दिव्यावर विसंबून न राहता जीपींकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : सोलापूर, शिक्षिका. मला बाराही महिने थकवा असतो. कोणता ऋतू धरू?

कोणताच नको. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. अहवाल हातात आल्यावर लिहा.