आडनावाचे डोमेन घेतले आहे, त्याचे काय करावे?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने काही वर्षांपूर्वी आमच्या आडनावाचे ‘डॉट कॉम’ डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्याचे नाव, घेऊन ठेवले. त्यावर संकेतस्थळ करण्याचा विचार होता, तो मागे पडला. नूतनीकरणाचे हजार-बाराशे रुपये मात्र दरवर्षी जातात आणि पत्ता उघडला की नोंदणी करणाऱ्या कंपनीची जाहिरात दिसते. माझ्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील साहित्य संमेलनांच्या निमंत्रणपत्रिका व स्मरणिका आणि शाळेतील मुलांची काही हस्तलिखिते जपलेली आहेत, पण रोज नवे काही लिहून संकेतस्थळ चालवणे माझ्याच्याने होणार नाही. हे नाव ठेवावे की सोडून द्यावे?

उत्तर : ठेवावे, असे माझे मत आहे, मात्र त्यासाठी आपल्याला रोज काही लिहावे लागेल हा समज आधी दूर करायला हवा. संकेतस्थळ हा डोमेनचा एक उपयोग झाला, आणि घरगुती नावाच्या बाबतीत तो पहिला उपयोगही नव्हे. पहिला उपयोग ई-मेलचा.

सध्या आपला ई-मेल पत्ता बहुधा एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावाने संपत असेल. ती सेवा सोडली की तो पत्ताही सुटतो आणि सर्वांना नवा पत्ता कळवत बसावे लागते. पत्ता स्वतःच्या डोमेनवर असेल तर टपाल कोणत्या सेवेकडे पोहोचवायचे हे डोमेनच्या ‘एमएक्स’ नोंदीवरून ठरते. सेवा बदलली तर ती नोंद बदलायची, पत्ता तोच राहतो. नोंदणी करणाऱ्या अनेक कंपन्या असे टपाल आपल्या जुन्या खात्याकडे वळवण्याची सोय देतात, त्यामुळे आपल्याला नवे काही शिकावे लागणार नाही. त्याच पत्त्यावरून उत्तरेही पाठवायची असतील, तर पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले आहे याची खूण पटवणाऱ्या ‘एसपीएफ’ आणि ‘डीकेआयएम’ या नोंदी मुलाकडून नीट करून घ्याव्यात, नाहीतर आपली पत्रे समोरच्याच्या स्पॅममध्ये जाण्याचा संभव असतो. आडनावाचे डोमेन असल्यामुळे पुणे, गोवा, बेंगळुरू असे पांगलेल्या घरातील प्रत्येकाला त्यावर आपापला पत्ता घेता येईल.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. सोडून दिलेले डोमेन पुढे कोणीही विकत घेऊ शकतो, आणि त्या पत्त्यांवर येणारी पत्रे मग त्याच्या हाती पडू शकतात. त्यांत बँकेचा पासवर्ड बदलण्याचे दुवेही असू शकतात. म्हणून नाव दीर्घकाळ चालवण्याचा निश्चय झाल्याशिवाय बँकेच्या खात्याला हा पत्ता जोडू नये. आपण अद्याप त्यावर एकही ई-मेल पत्ता चालवलेला नाही, त्यामुळे सोडायचेच असेल तर आजच सोडणे सर्वांत सोपे आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

आता आपल्या संग्रहाविषयी. 1946 साली बेळगावात भरलेल्या अखिल भारतीय संमेलनाची माहिती कोणालाही ग्रंथांतून मिळते; ग. त्र्यं. माडखोलकर त्याचे अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथे झाला. गावोगावच्या संमेलनांचे तसे नाही. कोणत्या वर्षी कोण अध्यक्ष होते, कविसंमेलनात कोणी कविता वाचल्या, गावातील कोणत्या मंडळाने खर्च उचलला, हे पुष्कळदा आपल्याजवळ आहेत तशा कागदांवरच उरलेले असते, आणि खानापूरच्या पावसात कागदाची काय गत होते हे मी आपल्याला सांगायला नको. हे साहित्य एकदा नीट मांडले की पुढे त्याला रोज हात लावावा लागत नाही.

स्मरणिका किमान 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) स्कॅन कराव्यात आणि प्रत्येक स्मरणिकेला स्वतंत्र पान द्यावे. केवळ चित्रे चढवली तर त्यांतील मजकूर शोधात येईलच असे नाही. म्हणून वर्ष, गाव, अध्यक्ष, वक्ते आणि अनुक्रमणिका एवढे तरी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, टंकित करावे. छापखान्याकडून जुनी संगणकीय फाईल मिळाली, तर ती बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल आणि युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय तिचा उपयोग होणार नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत त्याच्या साहित्यावर कायद्याने हक्क असतो, तेव्हा कविता पूर्ण छापण्यापूर्वी कवीची किंवा वारसांची परवानगी घ्यावी. अनुक्रमणिकेला सहसा अशी अडचण येत नाही. निमंत्रणपत्रिकांवरील दूरध्वनी क्रमांक झाकावेत, आणि मुलांच्या हस्तलिखितांबाबत तर अधिकच संकोच बाळगावा. प्रत्येक पानावर कन्नडमध्ये चार ओळींचा परिचय दिला तर कन्नड माध्यमात शिकणाऱ्या नातवंडांनाही त्याचा उपयोग होईल. अशी साधी, स्थिर पाने ‘गिटहब पेजेस’सारख्या सेवेवर विनामूल्य ठेवून आपले डोमेन त्यांना जोडता येते. या पानांवरील सर्व फाईलींची एक प्रत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या विनामूल्य डिजिटल संग्रहावरही ठेवावी, कारण डोमेन कधीतरी बंद पडू शकते.

नाव पुढेमागे चांगल्या किमतीला विकले जाईल या आशेने मात्र ते धरून ठेवू नये. आडनावांना असे गिऱ्हाईक क्वचितच मिळते.

व्यवस्थेच्या दोन गोष्टी मुलाशी बोलून घ्याव्यात. नोंदणीच्या खात्याला याच डोमेनवरील ई-मेल पत्ता देऊ नये, कारण मुदत संपून नाव बंद पडले तर कंपनीच्या सूचनाही आपल्यापर्यंत पोहोचणार नाहीत. दुसरे असे की ‘डॉट कॉम’ची मुदत एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांपर्यंत वाढवता येते; काही वर्षांचे पैसे एकदम भरून खात्याचा तपशील घरातील आणखी एका जाणत्या माणसाकडे ठेवावा.

प्रश्न : निपाणीत आमचे किराणा दुकान आहे. दुकानाच्या नावाचे ‘डॉट इन’ डोमेन आमच्याकडे आहेच. शिवाय देवनागरीतील ‘डॉट भारत’ घ्यावे का?

उत्तर : पाटीवर ते शोभून दिसेल आणि मराठी गिऱ्हाइकाला चटकन वाचता येईल. 2014 पासून ही सोय आहे. तथापि देवनागरी ई-मेल पत्ता अनेक अर्ज आणि यंत्रणा अजून स्वीकारत नाहीत, त्यामुळे व्यवहाराचा पत्ता ‘डॉट इन’चाच ठेवावा आणि ‘डॉट भारत’ उघडणारा माणूस आपोआप त्याच पानावर पोहोचेल असे वळण लावून द्यावे. दोन्हींचे नूतनीकरण परवडत नसेल, तर दुसरे घेऊ नये.