ग्लोरियात ‘ओम्निपोतेन्स’ आणि क्रेदोत ‘ओम्निपोतेन्तेम’ असे का?

लॅटिन मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) गाताना ग्लोरियात, म्हणजे देवाच्या स्तुतिगीतात, ‘देउस पातेर ओम्निपोतेन्स’ (सर्वसमर्थ देव पिता) येते आणि क्रेदोत, म्हणजे श्रद्धासूत्रात, ‘पात्रेम ओम्निपोतेन्तेम’, तर हे दोन निराळे शब्द आहेत का, असे आपण विचारले आहे. शब्द एकच आहे, विभक्ती बदलली आहे. ग्लोरियात देवाला हाक मारलेली असल्यामुळे संबोधन येते. क्रेदोत ‘पित्यावर माझा विश्वास आहे’ असे म्हणायचे असल्यामुळे द्वितीया लागते. रूपाबरोबर आघातही सरकतो: पहिल्यात तो ‘नि’वर पडतो, दुसऱ्यात ‘तेन्’वर. आमच्या गायनवृंदात नवा गायक हमखास इथेच अडखळतो.

‘ओम्निस’ म्हणजे सर्व आणि ‘पोतेन्स’ म्हणजे समर्थ. ‘पोतेन्स’च्या मुळाशी असलेला ‘पोतिस’ हा आपल्या भूपति, सेनापति यांतल्या ‘पति’चा सगोत्र आहे. ‘ओम्निपोतेन्स’ हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात रोमनांचा देवराज ज्युपिटर यालाही ‘पातेर ओम्निपोतेन्स’ म्हटलेले आहे. मात्र इ. स. ३२५मध्ये नायसियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने श्रद्धासूत्र मांडले ते ग्रीकमध्ये, आणि तिथला शब्द ‘पांतोक्रातोर’ आहे, म्हणजे ज्याची सत्ता सर्वांवर चालते, ज्याच्या हाती सर्व आहे तो. म्हणूनच देव काहीही करू शकतो का, या वादापेक्षा सारे त्याच्या हाती आहे हा भरवसा मला या सूत्रात अधिक मुळातला वाटतो. मराठी बायबलमधील ‘सर्वसमर्थ’ लॅटिनच्या वळणाचा आहे. गोव्यातील कोंकणी प्रार्थनांतला ‘सर्वपदवेदार’ मला ग्रीक अर्थाच्या अधिक जवळचा वाटतो.

रूढ पद्धतीप्रमाणे ‘क्रेदो इन ऊनुम देउम’ (एका देवावर माझा विश्वास आहे) ही क्रेदोची पहिली ओळ धर्मगुरू एकटे गातात आणि वृंद ‘पात्रेम ओम्निपोतेन्तेम’पासून उचलतो, त्यामुळे सोळाव्या शतकातील इटालियन संगीतकार पालेस्त्रिनाच्या मिस्सांतील क्रेदोची छापील स्वरलिपी या शब्दांनीच सुरू होते. जर्मन संगीतकार बाखने आपल्या बी मायनर मिस्सामध्ये पहिली ओळही वृंदालाच दिली, आणि पुढच्या भागात खर्जातले आवाज ‘पात्रेम ओम्निपोतेन्तेम’ सुरू करतात तेव्हा वरचे आवाज अजून ‘क्रेदो इन ऊनुम देउम’ हेच घोषवत असतात. पुढे ट्रम्पेट आणि नगारे त्यांना येऊन मिळतात. खर्जात उभे राहून तो ‘तेन्’ नेमक्या जोराने उच्चारला की द्वितीया व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय कळते; आपण एकदा तसे गाऊन पाहावे.