रंगमंचावर बर्फ पाडण्यासाठी झोळीच वापरावी

तुमच्या एकांकिकेचा शेवटचा प्रवेश काश्मीरमधील एका चौकीवर घडतो, त्यात चार मिनिटे बर्फ पडताना दाखवायचा आहे, आणि त्यासाठी फेसाचे यंत्र भाड्याने आणावे की थर्माकोलचे गोळे वरून सोडावेत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते दोन्ही टाळावेत. फेसाचे यंत्र उघड्या मैदानावरील समारंभात शोभून दिसते. बंद नाट्यगृहात मात्र त्याच्या पंख्याची घरघर शांत प्रवेशात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येते आणि फेस विरल्यावर रंगमंच निसरडा होतो. थर्माकोलचे गोळे केसांना आणि लोकरी कपड्यांना चिकटतात, पायाखाली छर्‍यांसारखे घरंगळतात आणि सहज पेट घेतात.

त्यापेक्षा झोळी बांधा. मांजरपाटाचा सुमारे चार फूट रुंद आणि रंगमंचाच्या रुंदीइतका लांब पट्टा घ्या. त्याची एक लांब कड रंगमंचाच्या वर टांगलेल्या आडव्या दांड्याला (बारला) पक्की बांधा आणि दुसरी कड एका हलक्या नळीला बांधून ती नळी कप्पीवरून घेतलेल्या दोरीने विंगेतून खाली-वर करता येईल अशी ठेवा. चिरा फक्त या हलत्या कडेकडच्या अर्ध्या भागात, शर्टाच्या काजाहून थोड्या मोठ्या आणि वितीभर अंतरावर पाडाव्यात. दोन्ही कडा वर असताना बर्फ म्हणून भरलेले कागदाचे कपटे झोळीच्या पोटात स्वस्थ राहतात. दोरी सैल सोडली की चिरांची बाजू तळाशी येते, आणि दोरी हलकेच झुलवत राहिल्यास बर्फ भुरभुरू लागतो. दोरी ओढली की तो थांबतो. सुरुवात आणि शेवट असा आपल्या हातात राहणे, हेच या पद्धतीचे खरे बळ आहे. झोळीपुढे काळी झालर असावी, म्हणजे ती प्रेक्षकांना दिसणार नाही.

कपटे पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदाचे आणि लांबट आयताकृती कापलेले असावेत, कारण असा तुकडा स्वतःभोवती गिरक्या घेत सावकाश उतरतो. वहीचा कागद सरळ खाली येतो आणि कचरा टाकल्यासारखा दिसतो. हॅलोजनचे दिवे अतिशय तापत असल्यामुळे अग्निरोधक प्रक्रिया केलेलाच कागद विकत घ्यावा, आणि विक्रेत्याच्या शब्दावर न थांबता दोन-चार कपटे उघड्यावर चिमट्यात धरून त्यांना काडी लावून पाहावी. ज्योत दूर करताच ते विझले नाहीत, तर तो माल परत करावा.

प्रकाशयोजनेकडे सर्वांत अधिक लक्ष द्या. समोरून झगझगीत प्रकाश टाकला किंवा मागे पांढरा पडदा उजळलेला ठेवला, तर पांढरे कपटे दिसेनासेच होतात. मागे काळा पडदा, दोन्ही विंगांतून उंचावरून आडवा, किंचित निळसर प्रकाश आणि समोरून चेहर्‍यापुरता उजेड, एवढ्यात प्रत्येक कपटा वेगळा चमकतो. कपटे अठरा फुटांवरून खाली यायला काही सेकंद घेतात, म्हणून दोरी सोडण्याचा इशारा संगीताच्या तितका आधी द्यावा लागतो. ही वेळ तालमीत घड्याळ लावून मोजा, आणि तीही वातानुकूलन चालू ठेवून, कारण त्या झोताने सारा बर्फ एका विंगेत वाहत गेलेला मी पाहिला आहे.

प्रयोगानंतर झाडून गोळा केलेला बर्फ पुन्हा झोळीत भरू नका. आमच्या एका प्रयोगात अशा गोळा केलेल्या कपट्यांबरोबर नेपथ्याचा एक चुका, म्हणजे बारीक खिळाही झोळीत गेला आणि तो नटाच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर, कपाळाला लागला. तेव्हापासून मी प्रत्येक प्रयोगाला कोराच कागद भरतो.

आणखी एक लहानशी गोष्ट करा: बाहेरून चौकीत येणार्‍या नटाच्या खांद्यांवर आणि टोपीवर प्रवेशाआधी विंगेतच चिमूटभर कपटे टाका. तो आत येऊन खांदे झटकेल, तेव्हा विंगेपलीकडेही बर्फ पडतो आहे हे प्रेक्षकांना न सांगता पटेल.