काओर आणि रविवारचं मटण

प्रश्न : भाच्याने फ्रान्सहून येताना 'काओर' नावाची रेड वाइन आणली आहे. रविवारी आमच्याकडे सगळे जेवायला आहेत, तांबड्या रश्श्याचा बेत आहे. वाइन त्याच्याबरोबर चालेल का? वहिनी शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी काय करू?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : मटण जरूर करा, तांबडा रस्सा मात्र त्या दिवशी नको.

काओर हे नैऋत्य फ्रान्समधलं लोट नदीकाठचं गाव. तिथल्या वाइनमध्ये निदान ७० टक्के माल्बेक द्राक्ष असावंच लागतं. १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या बहुतेक वेली गेल्या, लोकांनी पुन्हा लागवड केली आणि १९७१ मध्ये या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. हल्ली माल्बेक म्हटलं की अर्जेंटिना आठवतं, पण या द्राक्षाचं माहेर हेच.

ही वाइन गडद, जवळजवळ काळी, आणि तुरट. कोरा चहा फार उकळला की जीभ कोरडी पडते ना, तसं हिचं टॅनिन, म्हणजे द्राक्षातलं तुरट द्रव्य, लागतं. मटणातली प्रथिनं आणि चरबी तो तुरटपणा मवाळ करतात, म्हणून तिथेही ती बदकाबरोबर, कोकराच्या मांसाबरोबर पितात. मिरचीचं उलट आहे. अल्कोहोलमुळे तिखटाची आग वाढते, वाइन नुसती कडवट लागते आणि एवढ्या मेहनतीने केलेल्या रश्श्याचीही चव कळत नाही.

तेव्हा हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवाल, तेव्हा अळणीतच, म्हणजे तांबडा मसाला घालण्याआधीच, थांबा. खाटकाकडून चापा आणि थोडी चरबी असलेले तुकडे मागून घ्या. शिजलेले तुकडे पाण्यातून काढून तुपात परता. कांदा कडेने काळपट होऊ द्या, भाजलेलं सुकं खोबरं घाला आणि जाडसर कुटलेली मिरी सढळ हाताने. लाल तिखट नावापुरतं. बरोबर ज्वारीची भाकरी. खोबऱ्याचा तो भाजका वास आणि काओर यांचं इतकं छान जमतं की मी पाहुण्यांना दुसरं काही सुचवतच नाही. अळणी पाणी वाट्यांतून आधी देऊन टाका.

वहिनींसाठी थेट जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत करा, लसूण भरपूर, मिरची एखादीच, दही नको. चवळीची उसळही चालेल, पण गुळाशिवाय. आपल्या पुणेरी हाताला गुळाचा खडा टाकल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी हात आवरा. गोडापुढे ही वाइन आंबट आणि रुक्ष लागते. श्रीखंड असेल तर ते वाइन संपल्यावरच आणा.

आणि बाटली ओट्यावर ठेवू नका. आपल्या स्वयंपाकघरात सहज तीस अंश असतात, हिला सतरा-अठरा पुरेत. तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. लेबलवरचं साल तीन-चार वर्षांपूर्वीचंच असेल तर जेवणाआधी तासभर काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा, तुरटपणा थोडा निवळतो. दहा-पंधरा वर्षं जुनी असेल तर जग नको, हळूच थेट ग्लासात ओता. तळाशी गाळ असतो, तो बाटलीतच राहू द्या.