ब्रोकरनं किती तपासायचं?

अनेक आशीर्वाद.

देवगडच्या बागेतल्या सेन्सरांसाठी एमक्यूटीटी ब्रोकर, म्हणजे त्यांचे संदेश घेऊन पुढे पोचवणारा सर्व्हर, तू स्वतःच लिहायला घेतलास, वाचून बरं वाटलं. तयार मिळतात, पण लिहिल्याशिवाय खाचाखोचा कळत नाहीत. समोरचा स्पेक, म्हणजे ठरलेली नियमावली, पाळतो की नाही हे आपल्या कोडनं तपासलंच पाहिजे का, असं विचारलंयस. सगळं नाही. पण लांबीच्या आकड्यावर कधी विसंबू नकोस.

2014 साली ओपनएसएसएल या कनेक्शन कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं ते याच हयगयीतून. समोरचा सांगायचा, 64 केबी पाठवलेत, तेवढेच परत दे. पाठवलेला असायचा एखाददुसरा बाइट. उरलेलं ओपनएसएसएल शेजारच्या मेमरीतून भरून द्यायचं. त्यात पासवर्ड असोत की सर्व्हरची खाजगी किल्ली. पेटीवर पाच डझन लिहिलंय म्हणून न उघडता पाच डझनांचे पैसे देणारा व्यापारी आपल्याकडे एक सीझन तरी टिकेल का? बरं, आकडा फुगवलेला असेल तर संदेश टाकून द्या, असं आरएफसी 6520 या इंटरनेटच्या नियमपत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं. नियम होता, तपासणीची ओळ नव्हती. तुझ्याकडे ही जागा म्हणजे पॅकेटमध्ये पुढे किती बाइट आहेत ते सांगणारी 'रिमेनिंग लेंग्थ'. ती जास्तीत जास्त चार बाइटांची. वरचा बिट 1 म्हणजे 'अजून एक बाइट आहे'; चौथ्याचाही तो 1 दिसला की पाचवा वाचायला जाऊच नकोस, कनेक्शन तोड.

राखीव, म्हणजे पुढच्या वापरासाठी मोकळ्या ठेवलेल्या, बिटांचं मात्र एकच एक उत्तर नाही. एमक्यूटीटीची 3.1.1 ही आवृत्ती म्हणते, जोडणी मागणाऱ्या कनेक्ट पॅकेटमधला राखीव बिट शून्य आहे का ते सर्व्हरनं तपासलंच पाहिजे, नसेल तर तोडायचं. एमक्यूटीटी ज्यावर चालतं त्या टीसीपीत उलट: पाठवताना शून्य ठेवा, आलेल्याकडे दुर्लक्ष करा. 2001 मध्ये त्यातलेच दोन बिट ईसीएनला, म्हणजे वाटेत गर्दी झाल्याची खूण द्यायला, दिले, आणि शून्याचा हट्ट धरणाऱ्या काही फायरवॉलनी चांगली कनेक्शनं उडवली. नसती पोलिसगिरी! म्हणून प्रत्येक फील्डचं वाक्य वाच. अंदाजानं कडक होऊ नकोस, अंदाजानं सैलही नको.

पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार, हे इंटरनेटचे सुरुवातीचे नियम लिहिणाऱ्या जॉन पोस्टेल यांचं 1980 चं सूत्र तुला कोणीतरी ऐकवेलच. माझं त्याच्याशी फारसं जमत नाही. तू एकाची चूक निमूट दुरुस्त करून घेतलीस की त्याला ती कळतच नाही, आणि पुढच्या प्रत्येक ब्रोकरला तीच सांभाळत बसावं लागतं. 2023 च्या आरएफसी 9413 चा सूरही साधारण असाच आहे.

तोडताना एक अडचण येईल. 3.1.1 मध्ये पॅकेट बिघडलंय हे कारण सर्व्हरला सांगायची सोयच नाही, नुसतं कनेक्शन बंद होतं. सेन्सर पुन्हा पुन्हा जोडत राहील आणि बॅटरी संपवेल. एमक्यूटीटी 5 मध्ये 0x81, म्हणजे पॅकेट बिघडलेलं, असा कोड पाठवता येतो. तोवर निदान लॉगमध्ये क्लायंट आयडी, वेळ आणि बिघडलेले बाइट हेक्समध्ये उतरव, आणि ते सेन्सरवाल्याला पाठव. पाऊस सुरू व्हायच्या आत. एकदा बाग चिखलात गेली की फर्मवेअर बदलायला कोण चढतंय!