‘डेव्हलपिंग’ आलं म्हणून पोर नापास झाली नाहीये

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही सिडनीच्या वेस्टला राहतो, लेक इयर फाइव्हला आहे. नॅपलॅनचा, म्हणजे इथल्या देशभरच्या शालेय चाचणीचा, रिपोर्ट आला, रीडिंग, न्यूमरसी (गणित) आणि ग्रामर स्ट्राँग, स्पेलिंग तर एक्सीडिंग, पण रायटिंगला डेव्हलपिंग. इयर थ्रीला रायटिंग स्ट्राँग होतं. रिपोर्ट उघडला तेव्हा नेमका पुण्याचा व्हिडिओ कॉल चालू होता, हे म्हणाले "म्हणजे एका विषयात गेलीच की", सासूबाईंनी विचारलं किती पडले, आणि पोर उठून खोलीत गेली. तेव्हापासून रविवारी रात्री पोटात दुखतं म्हणते. कोचिंग लावू का? आम्ही घरी फक्त मराठी बोलतो त्यामुळे झालं का हे? आणि इयर सेव्हनला तिला नॅपलॅनला बसवूच नये असं होतं का?

उत्तर: अहो, पहिलं तर तुमच्या यजमानांना हा पॅरा वाचायला द्या. नॅपलॅनमध्ये पास-नापास नसतंच. 2023 पासून जुने दहा बँड काढून चार लेव्हल आणल्या, एक्सीडिंग, स्ट्राँग, डेव्हलपिंग आणि सगळ्यात खाली नीड्स ॲडिशनल सपोर्ट. स्ट्राँगचा पट्टा मुद्दाम वर ठेवलाय, त्यामुळे देशभरात दर तीन मुलांमागे साधारण एक मूल डेव्हलपिंग किंवा त्याच्या खाली असतं. आपल्याकडे पस्तीसला काठावर पास हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की स्ट्राँगच्या खालचं सगळं लाल शाईतलं वाटतं. डेव्हलपिंगमध्ये शाळा एवढंच सांगतेय की या वर्षाच्या अपेक्षेपर्यंत अजून पोचतेय, थोडं लक्ष द्या.

आता रिपोर्ट परत उघडा, शांतपणे, कॉल चालू नसताना. प्रत्येक विषयाच्या उभ्या पट्ट्यावर एक काळा ठिपका असतो तो तुमच्या लेकीचा, एक त्रिकोण असतो ती देशाची सरासरी, आणि हलक्या रंगाचा जो भाग दिसतो तिथे मधल्या 60 टक्के मुलांचे रिझल्ट येतात. ठिपका डेव्हलपिंगमध्ये असला तरी त्या हलक्या भागात आहे का, स्ट्राँगच्या रेषेपासून किती लांब आहे, हे बघा. रेषेला चिकटलेला डेव्हलपिंग आणि पार तळाशी असलेला डेव्हलपिंग यात खूप फरक असतो, नुसता शब्द वाचून तो कळत नाही.

इयर थ्रीला स्ट्राँग होती आणि आता घसरली, असंच असेल असंही नाही. नॅपलॅनचं स्केल इयर थ्री ते नाइन एकच आहे, पण लेव्हलची रेषा दर वेळी वर सरकते, म्हणजे इयर फाइव्हच्या स्ट्राँगसाठी जास्त यावं लागतं. तुमच्या लेकीचं लिखाण दोन वर्षांत बहुतेक सुधारलंच असेल, फक्त रेषा तिच्यापेक्षा जरा जास्त सरकली असेल. ज्यांचं मोठं मूल 2023 च्या आधी नॅपलॅन देऊन गेलंय त्यांनी तो जुना रिपोर्ट कपाटातच राहू द्या, 2023 ला स्केल नव्याने बसवलंय त्यामुळे त्याच्याशी तुलना होत नाही.

आणि एक गोष्ट बऱ्याच आईबाबांच्या लक्षात येत नाही, इयर थ्रीचं रायटिंग कागदावर असतं आणि इयर फाइव्हचं कंप्युटरवर. समोर एक विषय येतो, 42 मिनिटं असतात, त्यात विचार करायचा, लिहायचं आणि तपासायचं, आणि दहा वर्षांची पोर दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टाइप करत असेल तर डोक्यात असलेलं निम्मं स्क्रीनवर येतच नाही. तिला एकदा शेजारी बसून, परीक्षा आहे असं न म्हणता, आजीला एक ईमेल टाइप करायला सांगा आणि बघा. पॅराग्राफ पाडते का, फुलस्टॉप देते का, की "अँड देन अँड देन" करत एकच लांबलचक वाक्य (माझ्यासारखंच). रायटिंग दहा निकषांवर तपासतात, त्यात पॅराग्राफ, वाक्यरचना, पंक्चुएशन, शब्दसंपत्ती, कल्पना, वाचणाऱ्याला धरून ठेवणं असं सगळं येतं. तिचं स्पेलिंग उत्तम आहे, ग्रामर ठीक आहे, म्हणजे भाषेत गडबड नाहीये, बहुतेक कल्पना मांडायची सवय किंवा टायपिंग यातलं काहीतरी आहे. पण हा माझा लांबून अंदाज झाला, नेमकं सांगू शकेल ती तिची टीचर, जी तिच्या वह्या रोज बघते.

म्हणून कोचिंगच्या आधी टीचरला ईमेल करा, दहा मिनिटं मागून घ्या. "हाउ इज शी गोइंग" विचारलंत तर "शी इज लव्हली" एवढंच उत्तर मिळेल, इथले टीचर गोड बोलण्यात पटाईत असतात. त्यापेक्षा वर्गात लिहिलेले दोन नमुने बघायला मागा, आणि विचारा की पुढच्या टर्ममध्ये एकच गोष्ट सुधारायची तर कोणती. त्याच सुमाराला सेमिस्टर वनचा शाळेचा रिपोर्ट पण आलेला असेल, तो शेजारी ठेवा. त्यात सी दिसला तर परत घाबरू नका, न्यू साउथ वेल्समध्ये सी म्हणजे साउंड, वर्षाला जे यायला हवं ते येतंय. नॅपलॅनचं रायटिंग हे एका सकाळचं काम, शाळेचा रिपोर्ट सहा महिन्यांचं, दोन्हीत तफावत असेल तर मी तरी शाळेच्या रिपोर्टवर जास्त विश्वास ठेवीन.

कोचिंगबद्दल माझं मत कडक आहे. वेस्टला दर दुसऱ्या शॉपिंग सेंटरवर कोचिंग कॉलेजचा बोर्ड आहे आणि नॅपलॅनचे रिपोर्ट आले की यांचे फोन सुरू होतात. ओसी (हुशार मुलांचे ऑपॉर्च्युनिटी क्लास) आणि सिलेक्टिव्ह (प्रवेश परीक्षेने मिळणारी सरकारी हायस्कूल) यांच्या परीक्षा वेगळ्या असतात, त्यात नॅपलॅनचा रिझल्ट धरत नाहीत. काही प्रायव्हेट शाळा ॲडमिशनला रिपोर्ट मागतात, तेवढं सोडलं तर या डेव्हलपिंगने तिचं कुठलंही दार बंद होत नाहीये. पोटात दुखणाऱ्या पोरीला आणखी एका वर्गात बसवून प्रॅक्टिस पेपर लिहायला लावले तर रायटिंग सुधारणार नाही, पोटदुखी मात्र शनिवारी पण सुरू होईल.

मराठीचं म्हणाल तर घरातली मराठी बंद करू नका, प्लीज. स्पेलिंगला एक्सीडिंग असलेल्या पोरीचं इंग्लिश मराठीमुळे बिघडलं हे कुठल्या हिशोबात बसतं? उलट आजोबांना एखादी गोष्ट सुरुवात-मधलं-शेवट असं नीट सांगता येणं, मग ती मराठीत का असेना, हीच रायटिंगची तयारी आहे.

आता मुख्य मुद्दा, पोटदुखी. रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी दुखतं आणि शनिवारी दुखत नाही, तर आधी जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, दाखवून शरीराचं काही नाही ना बघून घ्या आणि मग ते टेन्शन म्हणून धरून चला. ती नाटक करत नाहीये, मुलांना खरंच दुखतं. तिच्याशी बोला, पण समोरासमोर बसवून नको, गाडीत जाताना किंवा पोळ्या लाटताना. आणि सुरुवात रायटिंगने करू नका, त्या कॉलने करा. "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझा रिपोर्ट वाचला ते आम्ही करायला नको होतं" हे वाक्य तिच्या बाबांच्या तोंडून आलं पाहिजे, तुमच्या नाही, कारण "गेलीच की" ते म्हणाले होते. मग गप्प बसा. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल, नाही बोलली तर दोन दिवसांनी परत.

सासूबाईंना चिडून काही बोलू नका, त्यांच्या जगात किती पडले हा मायेचाच प्रश्न असतो. पुढच्या वेळी विचारलं तर "आई, इथे मार्क नसतात, पण तिला स्पेलिंगमध्ये सगळ्यात वरची लेव्हल मिळाली" एवढं सांगा आणि फोन लेकीकडे द्या, पण रिपोर्टचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकू नका. तो तिचा आहे, कुणाला दाखवायचा हे तिला ठरवू द्या. आणि मैत्रिणीच्या मुलाला काय मिळालं हे तिच्यासमोर तर अजिबात काढू नका.

दोन-तीन आठवड्यांत पोटदुखी गेली नाही, झोप उडाली, खोडून खोडून वहीचा कागद फाटतोय किंवा "आय ॲम डम्ब" असं वारंवार म्हणायला लागली तर टीचरकडून स्कूल काउन्सेलरची वेळ मागा, पब्लिक स्कूलमध्ये त्याचे पैसे पडत नाहीत. मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) असेल तर जीपी मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन करून देतो, त्यावर वर्षाला 10 सेशनपर्यंत सायकॉलॉजिस्टच्या फीचा काही भाग परत मिळतो. किड्स हेल्पलाइनचा 1800 55 1800 हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा, 5 ते 25 वयाच्या कुणालाही चोवीस तास फुकट आहे. ती आपल्याला न सांगता तिथे बोलली तर वाईट वाटून घेऊ नका.

इयर सेव्हनचं. हो, पालक म्हणून विथड्रॉ करता येतं, प्रिन्सिपलशी बोलून परीक्षेच्या आधी फॉर्म भरून द्यायचा असतो. पण नॅपलॅन आता मार्चमध्ये असतं, आणि इयर सेव्हनला हायस्कूल सुरू होऊन जेमतेम सहा-सात आठवडे झालेले असतात, नवी शाळा, नवे मित्र, त्यात सगळे बसलेत आणि ही एकटीच बाहेर, हे तिला आवडेल का ते आत्ता कुणालाच माहीत नाही. तेव्हाच्या फेब्रुवारीत तिलाच विचारा.