कोंबड्यांच्या राखणीला कुत्रा: मुधोळ घ्यावा का, आणि शिकवायचं कसं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात हुडकेश्वरच्या पुढे प्लॉटवर तुमच्या गिरिराज आणि गावरान कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, मुंगूस आणि भटकी कुत्री दोघांचाही त्रास आहे. ओळखीतून 45 दिवसांचं मुधोळचं पिल्लू मिळतंय, ते घ्यावं का? आणि शेजारी म्हणतात तसं, कुत्र्याने कोंबडी मारली तर तीच त्याच्या गळ्यात बांधल्याने तो सुधारतो का?

मुधोळ घेऊ नका. जात उत्तम आहे, पण या कामाची नाही. लांबून डोळ्यांनी शिकार हेरायची आणि सुसाट सुटायचं, यासाठीच ती पिढ्यान्पिढ्या निवडली गेली आहे. कोंबडी फडफडत पळाली की तिच्यामागे सुटणं हा त्या कुत्र्याचा स्वभावच आहे. कारवान, पश्मी (ही मुधोळचीच नावं) आणि राजपालयम यांचंही तेच. बीगल, हस्की, डॅशहाउंड यांचाही विचार सोडा. लॅब्राडोर शिकतो लवकर, पण पडलेला पक्षी तोंडात उचलून आणायला घडवलेली ही जात आहे, त्यामुळे कोंबडी तोंडात धरून फिरण्याची ओढ त्याला असते. दात लागले नाहीत तरी कोंबडी भीतीनेच दगावते. जर्मन शेफर्ड गोल फिरून कळप हाकायला बघतो, त्याला रोज भरपूर काम लागतं. हिमालयातले गद्दी, बखरवाल राखणीचे खरेच, पण आपल्या मे महिन्यात त्या केसाळ जिवाचे हाल होतात.

माझ्या मते तुमच्यासाठी गावठी कुत्राच योग्य. काटोल, कळमेश्वर, उमरेडकडच्या गावांत अंगणात कोंबड्या फिरत असतात आणि त्यांच्यातच कुत्री निवांत पडलेली असते. अशा कुत्रीचं पिल्लू घ्या. ती कोंबड्यांकडे कशी बघते, हे स्वतः जाऊन डोळ्यांनी बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. त्याहून चांगलं म्हणजे अशाच घरातला दोन-तीन वर्षांचा कुत्रा, त्याचा स्वभाव ठरून गेलेला असतो. पिल्लूच घ्यायचं तर आठ आठवडे आईजवळ राहू द्या. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं नाही हे ते शिकतं, आणि तेच पुढे कोंबडीच्या कामी येतं. निवडताना पिल्लापासून पाच-सहा फुटांवर फडकं जमिनीवर झपझप ओढा. झडप घालून फडकं झटकत राहणारं सोडा, बघून दुसरीकडे वळणारं किंवा तुमच्याकडे येणारं घ्या. ही काही पक्की खात्री नव्हे, पण दोन पिल्लांमधून एक निवडायला उपयोगी पडते.

पिल्लू आणायच्या आधी जाळी करून घ्या. षटकोनी कोंबडी-जाळी कोंबड्या आत ठेवते, पण कुत्र्याला अडवत नाही, मोठा कुत्रा ती दातांनी फाडतो. बाहेरून पाच-साडेपाच फुटांची चेनलिंक (तारा गुंफलेली कुंपणाची जाळी) आणि खुराड्याला अर्धा इंची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळी) हवी. खालचे दोन फूट पत्रा किंवा दुहेरी जाळी लावा, कारण कोंबड्या जाळीला टेकून झोपतात आणि बाहेरून पंजा घालून त्यांना ओढलं जातं. मुंगूस आणि कुत्रा दोघेही खालून उकरतात, म्हणून दीड फूट जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट अंथरा आणि वर विटा ठेवा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, त्यात खांब कलतात आणि जाळी उचलली जाते. खांबाच्या खड्ड्यात मुरूम ठोकून भरा आणि पहिला पाऊस झाला की जाळीला सगळीकडून एक फेरी मारून बघा.

आता शिकवणं. आधी कोंबड्यांशिवाय चार गोष्टी पक्क्या करा: नाव घेतलं की बघणं, ‘ये’, ‘बस’ आणि ‘सोड’. बक्षीस म्हणून वाटाण्याएवढा पनीरचा तुकडा पुरतो. मग अंगाला पट्टा, त्याला पंधरा फुटी सुती दोरी, कोंबड्या जाळीच्या आत आणि तुम्ही दोघं पंचवीस फुटांवर. सकाळी फिरवून आणल्यावरच बसा, अंगातली रग जिरली की लक्ष लागतं. उन्हाळ्यात हे सगळं सहा-साडेसहाच्या आत उरकायचं. एका वेळी पाच-सात मिनिटं, दिवसातून दोनदा, त्यापेक्षा जास्त नको.

इथे कुत्र्याच्या तोंडाकडे बघायला शिका, सगळं तिथेच कळतं. निवांत कुत्र्याचं तोंड किंचित उघडं असतं, जीभ सैल, नजर फिरती. कोंबडीवर नजर रुतली की आधी तोंड मिटतं. मग कान पुढे येतात, मान खाली जाते, एक पाय उचललेलाच राहतो. तोंड मिटलं की तुमच्या हातात एक-दोन सेकंद असतात. नाव घ्या, वळला तर लगेच बक्षीस. नाही वळला, तर अंतर कमी होतं ही चूक आपली. ओरडू नका, दोरी न झटकता दहा फूट मागे जा आणि तिथून सुरू करा. कोंबडीकडे बघून आपणहून तुमच्याकडे वळला की त्या क्षणी तुकडा द्या. हेच शिकवायचं असतं: कोंबडी दिसली की मालकाकडे बघायचं. तीन-चार दिवस सलग निवांत राहिला तर तीन फूट पुढे सरका.

जाळीजवळ शांत बसायला लागला की आत दाणे फेका. कोंबड्या धावत येतात, पंख फडकवतात, आणि खरी परीक्षा तेव्हाच होते. बसलेल्या कोंबडीसमोर शांत राहिलेले कुत्रे धावत्या कोंबडीसमोर फसतात. पिल्लांची चिवचिव, कोंबडी पकडताना तिचं ओरडणं आणि नवीन आणलेली कोंबडी ही तिन्ही वेगळी परीक्षा आहे, एकात पास म्हणजे सगळ्यात पास असं नाही. कोंबड्या पकडायच्या दिवशी कुत्रा घरात बंद करा. खुडूक कोंबडीच्या किंवा पिल्लांच्या आईच्या टप्प्यात त्याला जाऊ देऊ नका, ती थेट डोळ्यावर चोच मारते.

त्यानंतर दोरी कुत्र्यामागे जमिनीवर लोळत असताना कोंबड्या मोकळ्या, आणि तुम्ही दोन पावलांवर. असे आठवडे काढा. सर्वात जास्त नुकसान सहा ते चौदा महिन्यांच्या वयात होतं, कारण तेव्हा कुत्रा मारत नसतो, खेळत असतो. कोंबडी पंजाखाली दाबून चाटतो. तिच्या पाठीची पिसं ओली, चिकट दिसली किंवा शेपटीची पिसं गळालेली सापडली, तर काय घडतंय ते समजा आणि त्याच दिवसापासून पुन्हा जाळीमागे या. दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला कोंबड्यांसोबत एकटा सोडू नका, आणि दोन कुत्रे असतील तर दोघांना एकत्र तर मुळीच नाही. एकटा शांत असलेला कुत्रा जोडीने पाठलाग सुरू करतो.

दिवसभर साखळीला बांधून समोर कोंबड्या फिरवणं ही सर्रास होणारी चूक आहे. साखळीच्या टोकापाशी कोंबडी येते, तो झेपावतो, अडकतो, परत झेपावतो. अशी तगमग महिनाभर साठली की साखळी सुटल्या दिवशी काय होतं ते सांगायला नको. त्याचं जेवणही कोंबड्या बंद असतानाच द्या. त्या ताटात चोच घालतात आणि एरवी सज्जन कुत्राही ताटासाठी तोंड टाकतो. रात्री कोंबड्या खुराड्यात कुलूपबंद आणि कुत्रा बाहेर मोकळा, हीच व्यवस्था बरी. मुंगसासाठी त्याचा वावर आणि भुंकणं पुरतं. भटकी कुत्री कुंपण ओलांडून येऊ नयेत याची काळजी मात्र जाळीनेच घ्यायची, तुमचा एकटा कुत्रा टोळीशी लढेल यावर विसंबू नका.

शेजाऱ्यांचा उपाय चुकीचाच. मारल्यानंतर तासाभराने दिलेली शिक्षा कुत्रा कोंबडीशी जोडत नाही, तुमच्याशी जोडतो. गळ्यात कुजणारं मांस बांधणं धोक्याचंही आहे. आपल्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर 2024 मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, आणि संसर्ग कच्च्या कोंबडीच्या मांसातून आला असावा असा संशय होता. मेलेली कोंबडी कुत्र्याला कधीच देऊ नका, तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. ज्याने खरोखर मारून खाल्ली, त्याला जाळीपासून पुन्हा सुरू करा. काही कुत्रे तरीही सुधारत नाहीत, त्यांच्यासाठी कायमची जाळी आणि बंद दार एवढाच मार्ग आहे, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कोंबड्यांच्या काही तयार खाद्यात कॉक्सिडिओसिस या कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगावरचं मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन हे औषध असतं. कुत्र्याला ते विषारी आहे, मागचे पाय लुळे पडतात. खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवा आणि पिशवीवरची घटकयादी वाचा. कुत्रा लुळा दिसला तर पिशवीसकट सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. उंदरांच्या औषधाचंही तेच. रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी, जंताचं औषध लहानपणापासून नियमित. कोंबड्यांची विष्ठा खायची सवय असलेल्या कुत्र्याचं पोट बिघडू शकतं, म्हणून खुराड्याखालची जागा रोज साफ करा.